आधी पळाला की आधी पडला?

१९१३ साली अल्बेनियाला राजा हवा होता आणि त्या गादीसाठी एका हंगेरियन उमरावानं स्वतःचंच नाव पुढे केलं. बॅरन फ्रान्झ नोप्चा. मागणी माफक होती. साध्या कपड्यांतले पाचशे सैनिक आणि थोड्या तोफा द्या, पुढचं मी बघतो. राज्य चालवायला पैसा कुठून येणार, तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. एकदा डोक्यावर मुकुट आला की एखाद्या अमेरिकन कोट्यधीशाची मुलगी लग्नाला नाही म्हणणार नाही. व्हिएन्नातल्या सरकारनं हे काही मनावर घेतलं नाही आणि गादी एका जर्मन राजपुत्राला मिळाली.

या नोप्चाचं खरं काम जीवाश्मांचं. ट्रान्सिल्व्हेनियात त्याच्या बहिणीला जमिनीत हाडं सापडली आणि त्या हाडांपायी हा गडी शास्त्रज्ञ झाला. पक्षी उडायला कसे शिकले, जमिनीवरून पळत की झाडावरून पडत, या वादातलं त्याचं उत्तर १९०७ सालचं. दोन पायांवर धावणारा एक सरीसृप वेग वाढवण्यासाठी पळता पळता हात वरखाली मारतो. हातांच्या मागच्या कडेचे खवले लांबतात, पिंजारतात, त्यांची पिसं होतात. आणि एक दिवस पाय जमिनीला लागेनासे होतात. राजा होण्याची योजना आणि ही योजना शेजारी ठेवून वाचली की कळतं, दोन्हींत पहिली पायरी स्पष्ट, शेवटची पायरी स्पष्ट. मधल्या पायऱ्या ऐकणाऱ्यानं समजून घ्यायच्या.

(नोप्चाच्या आयुष्याचा शेवट १९३३ साली फार भयंकर झाला. त्याची थट्टा मला करायची नाही. त्याच्या पळणाऱ्या प्राण्याची मात्र करणार आहे, आणि समोरच्या पार्टीच्या प्राण्यांचीही.)

वाद जुना आहे, आणि सुरू झाला तोच एका कचेरीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ओथनिएल मार्श हे जीवाश्मांचं मोठं प्रस्थ. त्यांच्या हाताखाली सॅम्युएल विलिस्टन काम करायचे. १८७९ साली विलिस्टननी लिहिलं, पक्ष्यांचे पूर्वज जमिनीवर धावत होते, तिथून उडाले. १८८० साली साहेबांनी लिहिलं, झाडावर होते, तिथून उडाले. हाताखालचा माणूस जमिनीच्या बाजूनं आणि साहेब झाडाच्या बाजूनं, हे मला अगदी पटतं. साहेब कुठल्याही गोष्टीकडे वरूनच बघतात.

आमच्या टेकडीवर सकाळी जमणाऱ्या मंडळात एक निवृत्त इंजिनिअर आहेत. ते कडवे झाडवाले. त्यांचं एकच पालुपद: "गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं हो. फुकटची गोष्ट सोडून पळत कशाला सुटायचं?" आणि मग ते आपल्या सह्याद्रीतले साक्षीदार उभे करतात. उडती खार, उडता सरडा, उडता सोनसर्प, आंबोलीला पावसाळ्यात लोक बॅटऱ्या घेऊन बघायला जातात तो बोटांमध्ये पडदे असलेला मलबारी बेडूक. सगळे झाडावरचे. सगळे झेप घेऊन तरंगत खाली येणारे. एकाच घाटात एवढे चार वेगवेगळे नमुने, मग पक्ष्यांनीच काय घोडं मारलंय?

मुद्दा भक्कम आहे, पण त्याच्यातच त्याचं उत्तर आहे. यांतला एकही जण पंख मारत नाही. तरंगणं निसर्गाला इतकं सोपं जातं की त्यानं ते कितीदा तरी केलंय. पंख मारून खरंखुरं उडणं कणा असलेल्या प्राण्यांत फक्त तीनदा जमलं: टेरोसॉर (डायनासोरांच्या काळातले उडते सरीसृप), पक्षी आणि वटवाघळं. झेप घेणं ही उडण्याची पहिली इयत्ता असती तर सोनसर्पाच्या वर्गातलं कोणी तरी पुढच्या वर्गात गेलेलं दिसलं असतं. हे मी इंजिनिअरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सापाला हात नाहीत." खारीला आहेत की. त्यावर त्यांनी विषय बदलला.

आणि झाडं तरी कुठे होती? पक्ष्यांच्या कुळातला सगळ्यात गाजलेला पूर्वज आर्किऑप्टेरिक्स. १८६१ साली, डार्विनचं पुस्तक येऊन दोन वर्षं होतायत तोच, बव्हेरियातल्या झोलनहोफेनच्या चुनखडीतून तो जगापुढे आला. पिसं पक्ष्याची, दात आणि हाडांची लांब शेपटी सरीसृपाची. लंडनच्या संग्रहालयानं तो इतर जीवाश्मांसह ७०० पौंडांना घेतला. नंतर सापडलेला, आता बर्लिनमध्ये असलेला नमुना त्याहून देखणा, आणि तो ज्या शेतकऱ्याला सापडला त्यानं त्याच्या पैशातून गाय घेतली, असं सांगतात. हे प्राणी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी जिथे राहत होते ती उथळ समुद्रातली कोरडी, उष्ण बेटं होती. तिथल्या दगडांत वनस्पतींचे जे अवशेष मिळतात ते बुटक्या झुडपांचे, जेमतेम पुरुष-दीड पुरुष उंचीचे. म्हणजे झाडावरून उडी मारायची म्हणणाऱ्यांनी आधी झाड आणून द्यायला हवं. झाडवाले यावर म्हणतात, तो तिथे वाहत आला असेल, किंवा उडणं आधीच दुसरीकडे शिकून आला असेल. असेल बापडा.

जमीनवाल्यांची अडचण याहून मजेदार आहे. आर्किऑप्टेरिक्सएवढ्या प्राण्याला जमिनीवरून सुटायला सेकंदाला साधारण सहा मीटरचा वेग लागेल असा हिशेब आहे. पळून पळून त्याला गाठता येईल असा वेग धरला जातो दोन मीटर. उरलेले चार मीटर कुठून आणायचे? पंख मारून, असं १९९९ साली बर्गर्स आणि किआप्पे या शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं. पण पंखांनी शरीर थोडं उचललं की पायांवरचा भार कमी होतो, पायांची जमिनीवरची पकड सुटते आणि पळण्याचा जोर जातो. म्हणजे उडायला लागल्यामुळे पळता येत नाही आणि पळता येत नाही म्हणून उडता येत नाही. सरकारी कामासाठी ज्यानं कधी दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घातलेत त्याला या प्राण्याबद्दल कणव वाटेल.

मला या वादात वर्षानुवर्षं जे आवडत आलंय ते असं, की प्रत्येक पक्षाला एक मधला प्राणी उभा करावा लागतो आणि तो मधला प्राणी हमखास बावळट दिसतो. झाडवाल्यांचा फांदीवरून हातपाय पसरून पडतो. जमीनवाल्यांचा हात फडफडवत पळतो. आणि मग प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या प्राण्याकडे बोट दाखवून हसतो: हे असलं ध्यान लाखो वर्षं जगलं म्हणता? पुराव्यांच्या आड हा भांडणाचा खरा मुद्दा आहे असा माझा संशय आहे. गरुड, घार, हंस यांच्याकडे मान वर करून बघणाऱ्यांना त्यांची सुरुवात अशी ओशाळवाणी असावी हे मनातून सोसत नाही. निसर्गाला मात्र दिसण्याची फिकीर नसते. त्या दिवशी जीव वाचला आणि पोट भरलं की पुरे.

हा "ध्याना"चा आक्षेप सगळ्यात आधी नीट शब्दांत मांडला तो सेंट जॉर्ज मायव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं, १८७१ साली. अर्ध्या पंखाचा उपयोग काय? पूर्ण पंखानं उडता येईल, पण जो धड हात नाही आणि धड पंख नाही त्याचं करायचं काय? डार्विनला ही शंका आधीपासून होती आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यानं तर्क लढवण्याऐवजी सरळ पक्षी मोजून दाखवले. शहामृग पंखांचं शीड करतो. पेंग्विन पाण्यात त्यांची वल्ही करतो. एक जाडजूड बदक उडत नाहीच, पंखांनी पाणी थोपटत पळतं. अर्धे पंख घेऊन सुखानं जगणारे हे एवढे लोक आजही हिंडतायत, तर तेव्हा का नसतील?

तरी मधला प्राणी दिसावा कसा, यावर लोकांनी काय काय कल्पना केल्या! १९१५ साली विल्यम बीबी नावाच्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञानं पारव्याच्या जातीच्या पिल्लाच्या मांडीवर पिसांच्या खुणा पाहिल्या आणि जाहीर केलं, पक्ष्यांच्या पूर्वजाला चार पंख होते. दोन हातांना, दोन पायांना. त्यानं चित्रही काढलं. ते इतकं विचित्र होतं की बहुतेकांनी ते बाजूला ठेवून दिलं. बीबी पुढे पक्षी सोडून लोखंडी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ समुद्रात उतरायला लागला आणि १९३४ साली ९२३ मीटर खोल गेला. उडण्याच्या वादातून बाहेर पडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

डेन्मार्कचा गेरहार्ड हाइलमान तर चित्रकारच. त्या देशाच्या नोटांची चित्रं त्यानं काढली होती. १९२६ साली त्याचं पक्ष्यांच्या उगमावरचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि पुढची चाळीसेक वर्षं त्यानं राज्य केलं. पक्षी आणि छोटे मांसाहारी डायनासोर एकमेकांसारखे आहेत हे त्याला हाडाहाडाला दिसत होतं. पण पक्ष्याच्या छातीपाशी इंग्रजी व्हीसारखं जे हाड असतं, कोंबडी खाणाऱ्यांना ठाऊक असतं ते, तसं हाड डायनासोरांत नाही असं तेव्हा समजलं जाई. एकदा गेलेलं हाड परत येत नाही, या नियमावर बोट ठेवून त्यानं डायनासोरांना घराण्यातून काढून टाकलं आणि पूर्वज झाडावर बसवला. गंमत अशी की ते हाड १९२४ सालीच एका डायनासोरात सापडलं होतं. ओळखता आलं नाही इतकंच. पुढे ते टायरॅनोसॉरसमध्येही मिळालं.

डायनासोर घराण्यात परत आले ते जॉन ऑस्ट्रॉम या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञामुळे. १९७० साली हे गृहस्थ नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात टेरोसॉरचे तुकडे बघत होते आणि त्यांची खात्री पटली, आपल्या हातातला टेरोसॉर नाहीच, आर्किऑप्टेरिक्स आहे. १८५५ साली सापडलेला तो नमुना चुकीच्या चिठ्ठीखाली पडून होता. बोलावं की न बोलावं? सांगितलं तर संग्रहालयवाले तो काढून घेतील, न सांगावं तर चोरी. ऑस्ट्रॉमनी सांगितलं. अभिरक्षकांनी तो खरंच उचलून नेला, ऑस्ट्रॉमचा चेहरा पडला, आणि थोड्या वेळानं ते गृहस्थ बुटांच्या जुन्या खोक्याला सुतळी बांधून परत आले: घ्या, तुम्हीच अभ्यास करा. असा किस्सा आहे.

याच ऑस्ट्रॉमनी १९७४ साली जमीनवाल्यांच्या बाजूनं एक कल्पना मांडली. पंख आधी उडण्यासाठी नव्हतेच. ते किडे पकडायचं जाळं होतं. प्राणी पळतो, दोन्ही हातांची पिसं समोर आणून नाकतोडा कवेत घेतो. वाचकांनी लगेच विचारलं, अहो, एवढ्या रुंद पिसांनी झडप घातली की समोरची हवाच किड्याला दूर लोटेल. हातपंख्यानं माशी पकडायला बघण्यासारखं आहे हे. कल्पना मागे पडली.

आणि मग २०२४ साली दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी एक यंत्र-डायनासोर बनवला, त्याला कॉडिप्टेरिक्स या पिसांच्या डायनासोरासारखे छोटे पंख लावले आणि तो नाकतोड्यांसमोर नेऊन उभा केला. पंख उघडले की नाकतोडे उड्या मारून पळत. पंख न लावता तोच यंत्र-डायनासोर पुढे केला तर पळणारे जवळपास निम्मे. त्यांचं म्हणणं असं, की पिसांचा पहिला उपयोग किडे पकडण्याचा नव्हता, घाबरवून उठवण्याचा होता. उठलेला किडा दिसतो, दिसलेला किडा खाता येतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्या आक्षेपानं एक कल्पना बुडवली, तोच आक्षेप कपडे बदलून सिद्धांत होऊन आला! हे वाचल्यापासून मी आमच्या सोसायटीतल्या नाचणीकडे निराळ्या नजरेनं बघते. म्हणजे पक्षी नाचण, भाकरीची नव्हे. शेपटीचा पंखा उघडून फांदीवर इकडून तिकडे गिरक्या घेते ती काही कौतुकासाठी नाही. पानांआडचे किडे उठवते आणि गट्ट करते.

मधल्या काळात चीननं दोन्ही पक्षांची झोप उडवली होती. लिआओनिंग प्रांतात १९९६ साली लव असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर सापडला, म्हणजे पिसांचा आरंभ उडण्याशी जोडायचं कारणच उरलं नाही. ऊब, रुबाब, काहीही असेल. आणि २००३ साली शू शिंग यांनी मायक्रोरॅप्टर गुई जगापुढे ठेवला. कावळ्याएवढा डायनासोर, आणि चार पंख. दोन हातांना, दोन पायांना. बीबीचं हसण्यावारी गेलेलं चित्र ८८ वर्षांनी दगडातून बाहेर आलं. झाडवाल्यांना आनंदाचं भरतं आलं, कारण पायांना असली लांब पिसं घेऊन जमिनीवर पळणार कोण? अडखळून तोंडावर पडेल. मग नवं भांडण: हे पाय धरायचे कसे? बाजूला पसरले तर खुब्यातून निखळतील. कोलकात्याचे, पुढे टेक्सासला स्थायिक झालेले शंकर चटर्जी आणि त्यांचे सहकारी टेम्पलिन यांनी २००७ साली सुचवलं, पसरायचे नाहीत, पोटाखाली दुमडून धरायचे, जुन्या दुहेरी पंखांच्या विमानासारखे. आमच्या इंजिनिअरांनी या दिवशी पेढे वाटले नाहीत एवढंच.

आता माझ्या, म्हणजे जमिनीच्या, बाजूचा साक्षीदार. माँटाना विद्यापीठातल्या केन डायल यांनी पिल्लं उडायला कशी शिकतात हे बघायला चकोर पाळले. होय, तोच चकोर. हिमालयाच्या डोंगरउतारांवरचा, आपल्या तित्तराचा भाऊबंद. शिकारीसाठी तो अमेरिकेत नेला गेला आणि तिथे रुळला. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात ज्याच्या पिल्लांना शरदाच्या चांदण्यातले अमृतकण वेचायला लावलं, त्याचीच पिल्लं डायल यांच्या प्रयोगशाळेत सपाट जमिनीवर कंटाळून बसली होती. एका गुराख्यानं ते बघून त्यांना झापलं: यांना जमिनीवर काय ठेवता, चढायला काहीतरी द्या. गवताच्या पेंढ्या आणून ठेवल्या, आणि पिल्लं पंख फडफडवत त्यांवर धावत चढायला लागली.

इथे खरी मेख आहे. पंख शरीर वर उचलत नव्हते. ते पिल्लाला उताराला दाबून धरत होते, म्हणजे पायांची पकड सुटत नव्हती. जमीनवाल्यांच्या सहा मीटर-दोन मीटरच्या त्रांगड्याला हे उत्तर होतं. अर्धवट पिसांचं पिल्लू नुसत्या पायांनी जेवढा चढ चढू शकतं त्याहून उभा चढ अर्ध्या पंखांच्या मदतीनं चढतं, पिसं वाढतील तसा आणखी उभा. मोठा चकोर भिंतीवर सरळ चढतो. डायल यांचा निबंध २००३ साली आला, मायक्रोरॅप्टरच्याच वर्षी. मायव्हार्टला हवा होता तो अर्धा पंख, रोज अंड्यातून बाहेर पडणारा.

संगमेश्वराकडच्या माझ्या मावशीला मी हे फोनवर भक्तिभावानं सांगितलं. तिच्याकडे गावठी कोंबड्या आहेत, संध्याकाळी त्या आंब्याच्या वाकड्या खोडावरून फांदीवर जाऊन बसतात. ती म्हणाली, "अगो, मग कोंबडी झाडावर दुसरं काय करून चढते? शिडी लावून?" विज्ञानात एखादी गोष्ट पाहण्याला आणि तिची नोंद होण्याला किती अंतर असतं ते मला तेव्हा कळलं.

अर्थात एवढ्यानं भांडण मिटलं नाही. आजचा चकोर पूर्ण पक्षी आहे, त्याला छातीच्या हाडावर उभी कड आणि खांद्यातून पंख वर नेणारी यंत्रणा आहे. आर्किऑप्टेरिक्सला ती अशी नव्हती. २०१६ साली काही जणांनी पिसांच्या डायनासोरांची गणितं मांडली, तेव्हा बहुतेकांना हे उतारावर धावणं परवडणारं नव्हतं असं निघालं. उलट २०१८ साली आर्किऑप्टेरिक्सच्या हाडांत क्ष-किरणांनी डोकावलं तर ती तित्तर-चकोरांच्याच भाईबंदांसारखी, मधूनच भर्रकन उडून पुन्हा खाली बसणाऱ्यांसारखी निघाली. २०१९ साली चिनी संशोधकांनी एका तरुण शहामृगाला कृत्रिम पंख बांधून पळवलं आणि दाखवलं की पळण्याच्या हिसक्यांनीच पंख आपोआप वरखाली होतात. नोप्चानं हे बघायला हवं होतं. शहामृगाचं मत कुणी घेतलं नाही.

मी चकोराच्या जोरावर जिंकले असं धरून चालले होते, तेवढ्यात इंजिनिअरांनी एका सकाळी मोबाइल नाकाखाली धरला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांचा २०१४ चा प्रयोग. त्यांनीही चकोराचीच पिल्लं घेतली, उताणी धरली आणि वरून सोडून दिली, खाली अर्थात मऊ गादी. अंड्यातून नुकती निघालेली, पंखांच्या नावानं दोन केसाळ काड्या असलेली पिल्लं एक पंख एका तऱ्हेनं, दुसरा दुसऱ्या तऱ्हेनं मारत हवेतल्या हवेत सुलटी होऊ बघतात, आणि काही दिवसांत सगळ्यांना ते जमतं. म्हणजे अर्ध्या पंखाचा पहिला उपयोग पडताना सावरण्याचा. म्हणजे आधी पडला. म्हणजे झाड. "तुमचाच साक्षीदार," इंजिनिअर म्हणाले, आणि त्या दिवशीचा चहा त्यांनी माझ्या नावावर लिहायला लावला.

मावशीला हेही सांगितलं. तिनं पडण्या-पळण्याचं काही विचारलं नाही. म्हणाली, "उताणी धरून सोडली? आणि पिल्लांची आई कुठे होती तेव्हा?"